मास्तरांची परीक्षा

"पुढे नको, मागे बस. परीक्षक मागे बसतो," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

लेक मुकाट्याने मागे बसली. सांगायला आली होती एक आणि होत होतं भलतंच. गाडी विकून टाकायची, असं तिचं आणि दादाचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. बाबांना सांगायचं कुणी यावर बरीच टोलवाटोलवी झाली आणि शेवटी ते काम तिच्या गळ्यात पडलं. "तुझं ऐकतात ते," म्हणून दादा मोकळा झाला. पण आज तिने तोंड उघडायच्या आत बाबांनीच किल्ली उचलली होती. "गाडीबद्दल बोलायला आलीस ना? चल. आधी बघ, मग बोल."

उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता. सगळं शहर त्यांना मास्तर म्हणायचं. मास्तर 'तयार' म्हणाल्याशिवाय त्यांचा एकही विद्यार्थी लायसन्सच्या परीक्षेला जात नसे. त्यात कुणाची भीडमुर्वत नाही. होणाऱ्या जावयालाही त्यांनी इतकं लटकवून ठेवलं होतं, की लग्न मोडतंय की काय अशी घरच्यांना धास्ती पडली होती. आता शिकवणं बंद होऊनही बरीच वर्षं झाली. गाडी शिकवायच्या आपल्या शाळेची शेवटची गाडी तेवढी त्यांनी घरी आणली होती.

आणि अलीकडे हे सुरू झालं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची. शेजाऱ्याचं नाव ओठांवर येऊन अडायचं. हिरवा दिवा लागला तरी गाडी जागची हलायची नाही आणि मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून दाखवला होता. "हा भाग आक्रसायला लागलाय. हातात मुरलेली कामं बराच काळ टिकतील. रस्ते, नावं, कालपरवाच्या गोष्टी आधी जातील." बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं.

आज मात्र ते झकास चालवत होते. नजर आरशात, वळणाआधी इशारा, शाळेच्या फाटकापाशी आपसूक कमी झालेला वेग. एक स्कूटरवाला वेडावाकडा आडवा आला, तर त्याला वाट देऊन "जा बाबा, तुझंच राज्य आहे," एवढंच म्हणाले. शेवटी बागेच्या भिंतीलगत, दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी गाडी उलटी घातली आणि अशी अलगद लावली, की लेकीला टाळी वाजवावीशी वाटली. तिचा जीव भांड्यात पडला. दादाला काय सांगायचं, ते ती मनात जुळवू लागली.

"पास, बाबा! पैकीच्या पैकी!"

बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "आता घरी जायचं. कुठल्या बाजूला वळू?"

"अजून संपली नाही का परीक्षा?" ती हसली.

"संपली. मला खरंच आठवत नाहीये."

तिने भिंतीपलीकडे पाहिलं. लहानपणी याच बागेत ते तिला खांद्यावर बसवून आणायचे. बाबांनी इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. बोलले ते खणखणीत आवाजात.

"असा विद्यार्थी माझ्याकडे आला असता, तर मी त्याच्या हाती गाडी दिली नसती. तुम्ही सांगितलं असतंत तर मी भांडलो असतो. म्हटलं, आपला निकाल आपणच लावावा. नापास."

ते उतरले, गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि किल्ली त्यांनी खांद्यावरून मागे धरली. "ये पुढे. चालव."

"मी? लायसन्स काढल्यापासून मी गाडीला हात लावलेला नाही, बाबा! टॅक्सी बोलावते."

"टॅक्सी कशाला? रस्ता तुला येतो, गाडी मला येते. दोघांत मिळून एक ड्रायव्हर होतोच. आणि घाबरतेस काय? शिकवायची गाडी आहे ही. माझ्या पायाशी ब्रेक आहे."

ती पुढे जाऊन बसली. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

"पुन्हा," बाबा म्हणाले. "क्लच हळू सोड. अजून हळू. हां!"

गाडी निघाली. मग सगळा रस्ता हेच चाललं. कुठे वळायचं ते ती सांगायची, कसं वळायचं ते बाबा. एकाही शब्दासाठी ते अडखळले नाहीत. मागून बस कोकलायला लागली, तेव्हा म्हणाले, "ओरडू दे. घाई त्याला आहे, आपल्याला नाही." निम्म्या वाटेवर तिचे खांदे सैल पडले. बाबांचा पाय ब्रेकवर आहे म्हटल्यावर तिने एका रेंगाळणाऱ्या ट्रकलाही मागे टाकलं. बाबा फक्त "छान" म्हणाले.

दादा फाटकातच उभा होता. बहिणीला स्टिअरिंगवर बघून त्याने आ वासला. गाडी लागली जरा तिरकी, पण सुखरूप लागली.

उतरताना बाबांची चप्पल पायातून निसटली. ती शोधायला लेक वाकली आणि तशीच थिजली. त्यांच्या पायांशी नुसतं पायपुसणं होतं. म्हणजे हेही गेलं त्यांच्या डोक्यातून!

"बाबा, इथे ब्रेक नाहीच आहे!"

"शाळा बंद केली तेव्हाच काढून टाकला तो," बाबा चपलेत पाय सरकवत म्हणाले. "ते नव्हतो विसरलो मी."