तळहातावरचे बँड

"अंगठ्याच्या मुळापासून सुरू कर, सूनबाई," सासरे म्हणाले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

सुनेने बोट टेकवलं. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपत खोलीत उतरलं होतं. पंखा पेंगत फिरत होता. तिने आधी शेअरच्या भावाची नागमोडी रेघ काढली, मग तिच्या वर एक, खाली एक. हे बोलिंजर बँड. भाव हेलकावे खाऊ लागला की वरखालच्या रेघा एकमेकींपासून लांब सरतात, निवला की जवळ येतात. सासऱ्यांनीच शिकवलं होतं. आयुष्यभर शेअरचे आलेख वाचलेला माणूस. डोळे गेले तेव्हा म्हणाले होते, "काही अडत नाही. हात माझा, बोट तुझं."

एकच शेअर त्यांनी तरुणपणापासून सांभाळला होता, पोटच्या पोरासारखा. दोन महिन्यांपूर्वी त्या कंपनीला टाळं लागलं आणि शेअर बाजारातून उठला.

"बाबांना कळलं तर हाय खातील," नवरा म्हणाला.

तेव्हापासून ती रोज मनानेच भाव काढत होती. थोडा वर, थोडा खाली. कधी तिला वाटे, आपण पाण्यावर बोट फिरवतोय. दोन काठांमधून संथ नदी वाहतेय आणि सासरे डोळे मिटून तिच्यात तरंगतायत.

आज त्यांनी मूठ मिटली. तिचं बोट आत अडकलं.

"भाव छान काढतेस गं. पण काठ हलवायला विसरतेस. दोन महिने बँड तसूभर रुंद नाही की अरुंद नाही. जिवंत शेअर श्वास घेतो, सूनबाई. गेला ना?"

तिने सगळं सांगून टाकलं. सासरे नुसते मान हलवत राहिले, लांबून येणारं गाणं ऐकावं तसे.

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग रोज हात का पुढे करत होतात?"

त्यांनी तिचं बोट सोडलं नाही.

"डोळे गेल्यापासून घरातले सगळे मला दारातूनच विचारतात. जेवलात का, झोपलात का. शेअर गेला म्हटलं असतं, तर तूही दारातूनच विचारलं असतंस."