एकवीस तांबे

ह्यांच्या वर्षश्राद्धाला मी ह्यांचं नाव घातलेले स्टीलचे एकवीस तांबे नातेवाइकांत वाटले. त्या दिवसापासून माझा खांदा बधिर आहे. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं.

पुतणी हर्षाली फोटोग्राफी शिकते. तिने घरोघर जाऊन त्या सगळ्या तांब्यांचे फोटो काढले आणि त्यांचं पुस्तक छापून आणलं. एका पानावर एक तांब्या, खाली गावाचं नाव.

पहिलं पान कळवणचं. 'कै. गोरक्ष' आणि त्याखाली तांब्याचं चकचकीत पोट. त्यात कॅमेरा धरलेली हर्षाली दिसायला हवी होती. दिसत होतं माझं स्वयंपाकघर, आणि टेबलाशी पाठमोरी बसलेली मी.

"हा इथे कधी काढलास?"

"इथे कुठे, काकू? तुमच्याकडे एकही तांब्या उरला नाही ना."

ते खरंच होतं. मी पान उलटलं. विंचूर. तेच स्वयंपाकघर, तशीच मी, पण मागे दारात कोणीतरी उभं होतं. देवळाली कॅम्पच्या पानावर ते फ्रिजपर्यंत आलं होतं.

भीती वाटायला हवी, एवढं कळत होतं. वाटली नाही. मी पानं उलटत राहिले.

एकविसाव्या तांब्यात माझ्या खांद्यावर हात होता. बोटात पोवळ्याची अंगठी. ह्यांना न्यायच्या आधी ती मीच काढून घेतली होती. कपाटात आहे.

समोर बसलेल्या हर्षालीने चहाचा कप पुढे सरकवला. "काकू, खांदा आता कसा आहे?"

"दुखत नाही गं," मी म्हणाले. "नुसतं वजन आहे."