वरची खिडकी

गॅसच्या बॉयलरचा धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून परत आत येत होता आणि सूनबाईचं डोकं रोज ठणकत होतं. मिस्त्री म्हणाला, "काका, हा धूर विषारी असतो. झोपेतल्या झोपेत माणूस जातो. पाइप छपराच्या वर न्यायला हवा."

"एवढा खटाटोप कशाला? इथेच त्याचं तोंड वर वळव आणि मोकळा हो," सासरे म्हणाले.

"पण तिथे वरच्या मजल्यावरच्या आजींची खिडकी आहे."

"ती म्हातारी सदा गारठलेली. हिवाळाभर खिडकी उघडायचं नाव काढत नाही."

मिस्त्रीने नाइलाजाने पाइप वळवला. सूनबाईचं डोकं दुखायचं थांबलं आणि घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

कडाक्याच्या थंडीत आजी जिन्यात भेटल्या. कठडा धरून धापा टाकत होत्या.

"बरं नाही का?" सासऱ्यांनी विचारलं.

"डोकं जड असतं, मळमळतं. वय झालं, दुसरं काय." मग त्या हसल्या.

"पण तुमच्यामुळे एक सुख झालंय हो. खालून छान ऊब येते, म्हणून हल्ली खिडकी उघडी ठेवूनच झोपते."