आतला दांडका

चार वाजता वाद्यवृंदात घेण्यासाठी निवड चाचणी होती. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी, आणि दोन वाजता माझ्या डबल बासच्या तारा खालून धरून ठेवणारी केबल तुटली. चारही तारा लोंबल्या, तारांना खालून उचलून धरणारी घोडी आडवी झाली आणि वाद्याच्या पोटात काहीतरी गडगडलं.

दुरुस्तीवाल्या काकांना फोन लावला.

"केबल तू बसवशील गं," ते म्हणाले, "पण वरच्या फळीला आतून टेकू देणारा दांडका पडलाय. तो उभा केल्याशिवाय तारा ताणू नकोस. वरची फळी फुटेल."

जवळची जादा केबल बसवली. मग तासभर मी वरच्या फळीतल्या छिद्रातून वाकडी सळई घालून दांडका उभा करत होते आणि तो पडत होता. शेवटी रडकुंडीला येऊन म्हटलं, "कुणीतरी धरा रे याला."

आत हलकेच काहीतरी टेकलं.

मी छोटा आरसा आत सरकवला. दांडका ताठ उभा होता. त्याचं वरचं टोक दोन बोटांनी धरलं होतं, आणि ती दांडका आणि वरची फळी यांच्या मधे सापडली होती.

"राहिला का उभा?" काकांनी पुन्हा फोन करून विचारलं.

"राहिला."

घोडी लावून मी तारा ताणायला खुंटी पिळायला घेतली. फळी खाली दाबली जाऊ लागली तशी आरशात ती बोटं हळूहळू पांढरी पडत गेली, पण त्यांनी दांडका सोडला नाही.