मोकळ्या जागेची झील

निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर भिकन ओव्या गायला डोंगरातल्या एका गावी गेला, तो घरी परतलाच नाही. तो वारल्याचं कळल्यावर लेक राजाबाई शहागंजाहून तिथं आली. मरताना बापानं आपली आठवण काढली का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"त्यालाच इचार की," ढोलकरी मुंजाबा हसला. "आत्ता गाईल."

ढोल घुमला. पुढं गाणाऱ्या भिकनची जागा मोकळीच होती. तरी मागचे झीलकरी कान देत, मान डोलवत आणि कुणीच न गायलेल्या ओळीचा शेवट उचलत होते.

"मला काहीच ऐकू येत नाही."

"सख्ख्या लेकीला?" मुंजाबा चुकचुकला.

राजाबाईनं त्या मोकळ्या जागेलाच विचारलं, "आबा, मी आठवले का?"

ढोल थांबला. झीलकऱ्यांनी बराच वेळ कान दिला. मग तिच्याकडं बघत सगळ्यांनी एका सुरात शेवट उचलला, "कुणाची लेक, कुणाची लेक?"