सातवं पेन

पेनवाले काकांनी चौथं पेन उचललं, टोपण काढलं आणि डाव्या हातात धरलं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी पुन्हा तीच ओळ लिहायला घेतली : सकाळी सगळे शाळेत गेले. चाळीस वर्षं दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी प्रत्येक पेन याच ओळीवर तपासलं होतं. ओळीत तीन ळ आहेत, आणि ज्या पेनाला ळ वळवता येतो त्याला सगळं येतं, असं त्यांचं म्हणणं. आज मात्र ळ त्यांनाच वळवता येत नव्हता. त्यात शिरोरेघ देताना निब मध्येच रुतली आणि कागदाचा बारीक तंतू घेऊन वर आली. काकांनी ते पेन आधीच्या तिन्हींशेजारी ठेवून दिलं.

टेबलावर एकूण सात पेनं होती, सगळी एकाच डब्यातली, बाजारात मिळतात त्यातली सगळ्यात स्वस्त. दिसायला एकसारखी, पण हाताची पाच बोटं सारखी नसतात, तर ही कुठून असणार? एक शाई ओकत होतं, एक चार अक्षरांनी कोरडं पडत होतं. महागाचं पेन घेण्यात अर्थ नव्हता. ज्या हातासाठी ते हवं होतं, त्यातून ते दिवसातून चारदा पडणार होतं.

तो हात बाईंचा. बाई म्हणजे काकांची बायको. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि काकाही तेच म्हणायचे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात नुसता मांडीवर ठेवलेला असे. डाव्या हाताने रोज लिहा, नाहीतर तोही रुसून बसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, तेवढा जोर त्या हातात नव्हता. शाईचं पेन नुसतं टेकवलं तरी चालतं. म्हणून काकांनी मोठ्या तोऱ्यात एक निवडून आणलं, स्वतः चालवून पाहिलं आणि लोण्यासारखं आहे म्हणून बाईंच्या हातात दिलं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. ते पेन पहिल्या ओळीला अडलं आणि दुसऱ्या ओळीला त्याने कागद फाडला. बाईंनी ते खाली ठेवलं.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "माझं अक्षर गेलं ते गेलं."

त्याला आज पाच दिवस झाले होते. तेव्हापासून त्या टेबलाकडे पाठ करून खिडकीशी बसत, आणि कुणी वहीचा विषय काढला की प्यायला पाणी मागत. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वर्षानुवर्षं ज्यांच्या अक्षरात लिहिला गेला, त्या बाई. काकांना हे पाच दिवस फार जड गेले.

चूक कुठे झाली ते त्यांना आज सकाळी दाढी करताना कळलं. आरशातला माणूस डाव्या हाताने दाढी करत होता. उजवा हात निब ओढत नेतो, डावा तीच ढकलत नेतो. ओढताना लोण्यासारखी वाटणारी निब ढकलताना खिळ्यासारखी रुतते. चाळीस वर्षं त्यांनी जगाची पेनं तपासली होती, पण आपल्या एका उजव्या हाताने. एखादं डावखुरं गिऱ्हाईक पेन परत घेऊन आलं की काका हसून सांगत, पेनात दोष नाही, हात बघा. असे किती जण त्यांनी परत पाठवले होते, ते आठवून त्यांना आता लाज वाटली.

पाचवं पेनही रुतलं. सहाव्याने ओळीच्या मध्यावर भला मोठा डाग पाडला आणि काका स्वतःशीच काहीतरी पुटपुटले.

बाईंनी मान वळवली. निळी बोटं, सहा उघडी पेनं आणि नवऱ्याचा घामेजलेला चेहरा त्यांनी पाहिला, आणि वही मागितली. काकांनी आढेवेढे घेतले. पण बाईंनी हात पुढे केला की कुणालाही वही द्यावीच लागे. त्यांनी ती आणून बाईंच्या पुढ्यातल्या पाटावर ठेवली.

बाईंनी सहाही ओळी वाचल्या. अक्षरं पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी एकमेकांना टेकून उभी होती.

"कोणी लिहिलं हे?"

"मीच. डाव्या हाताने."

 बाईंनी एका अक्षरावर बोट ठेवलं. "हा ळ आहे की चष्मा?"

काकांचे कान लाल झाले. बाईंनी डावा हात पुढे केला. काकांच्या मुठीत सातवं पेन होतं, शाई भरलेलं, पण अजून न तपासलेलं. थांब, आधी मला पाहू दे, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. हेही अडलं तर बाई पुन्हा पेनाला शिवणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी ते दिलं.

बाईंनी आधी त्या ळभोवती गोल केला. मग खाली, एकेक अक्षर थांबून थांबून, जन्मभर हजारो वह्यांत लिहिलेला शेरा लिहिला. तो चढावर निघाल्यासारखा वर वर जात होता : अक्षर सुधारा.

शेवटी त्यांनी शिरोरेघ द्यायला घेतली. काका पाटाशी वाकले. त्यांना ना अक्षर दिसत होतं, ना शेरा. ते फक्त रेघ पाहत होते. ती थरथरत गेली, एकदा खाली आली, एकदा वर चढली, आणि कुठेही न अडता शेवटच्या कान्यापर्यंत पोचली.