अंगचोर

शेळीनं दाव्याला हिसका दिला आणि स्वप्नालीचं मनगट मोडलं. शेळीही काही दांडगी नव्हती.

गेवराईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "गेल्या साली पाय, आता हात. वय पस्तीस आणि हाड सत्तरीचं. पाळी येते का?"

"वैष्णवी झाली तवापासून बंद हाय. चौदा वर्षं."

डॉक्टरांनी कागदावर लिहून टाकलं, गर्भपिशवी काढलेली. विचारलंसुद्धा नाही. बीडच्या बाईला हे कोण विचारतं? इथं बाईची पिशवी म्हणजे वाटेवरची बोर. कुणीही यावं, झोडपून जावं.

"काढली न्हाई," स्वप्नाली म्हणाली. "जाग्यावर हाय माझी पिशवी. खोडा ते."

डॉक्टरांनी आता कुठं तिच्याकडं नीट पाहिलं.

"अंगचोर हाय ती, डाक्टर," शेजारी बसलेली सासू भिवराबाई म्हणाली. "दोन घागरी आणल्या की बसती. बसून बसून हाडाचा भुसा झाला."

"बाळंतपणात रक्त फार गेलं होतं?"

"बाजलं भिजून खाली सांडलं," स्वप्नाली म्हणाली.

डॉक्टरांनी पिशवीवर काट मारली. "मावशी, मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. बाळंतपणात रक्त फार गेलं तर ती वाळू शकते. मग पाळी थांबते. वाढीचं हार्मोनही तिथूनच येतं, तेही आटतं."

"पस्तिशीत कसली आली वाढ?"

"उंची थांबते, हाडाचं काम थांबत नाही. जुनं झिजतं, नवं भरावं लागतं. हिचं झिजलं तेवढं भरलंच नाही. थकवाही त्याचाच असेल. रक्त तपासू, मग पक्कं सांगतो. एवढं सांगा, बाळंतपणानंतर दूध आलं होतं?"

या एका गोष्टीवर स्वप्नालीनं कधीच तोंड उघडलं नव्हतं. उघडून ऐकणार कोण होतं?

भिवराबाईनं उगाच पदर सारखा केला.

"न्हाई आलं," ती म्हणाली. "लेकरू वरच्या दुधावर जगलं. म्या चकलांब्यात घरोघर सांगितलं, पोरगी झाली म्हणून ही मुद्दाम पाजीत न्हाई."

बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. आत कुणी उठलं नाही.

स्वप्नालीनं मोडका हात दुसऱ्या हातावर तोलून धरला.

"मग आता हे बी सांगा, आत्याबाई," ती म्हणाली. "आधी वैष्णवीला."